वरच्या जबड्यातला भूतकाळ

बत्तिशीरावांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. एकवीस वर्षं एकाच लॅबमध्ये, एकाच खिडकीपाशी, एकाच स्टुलावर बसून जो माणूस परक्यांच्या कवळ्या बनवतो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? गंमत अशी, की गावभरच्या बत्तिश्या जुळवणाऱ्या या गृहस्थाची स्वतःची बत्तिशी फारशी कुणी पाहिलेली नव्हती. हसायचे ते ओठ मिटून. बोलायचे ते त्याहून मिटून.

काम मात्र असं, की बघत राहावं. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचं माप यायचं. त्यात प्लास्टर ओतून बत्तिशीराव वरच्या आणि खालच्या हिरड्यांचे पांढरे साचे काढायचे. साच्यावर पेन्सिलीनं खुणा करायच्या : मधली रेघ इथं, सुळे इथं आणि इथं. मग त्यावर गुलाबी मेणाची पट्टी बसवून, एकेक दात मेणात रोवून, वरचा-खालचा जबडा एका बिजागरीच्या सांगाड्यात अडकवून टक् टक् आपटून बघायचे. चावा बरोबर बसला की मान एकदा हलायची. नाही बसला तर दोनदा. दिवसभरात त्यांचा एवढाच काय तो संवाद.

बायकोचं सगळं उलटं. तिचं घरासमोरच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान. दिवसभर माणसं यायची, कागद ठेवायची आणि कागदासोबत आपलं गाऱ्हाणंही ठेवायची. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती सगळ्यांच्या नकला करून दाखवायची. घरमालकाचा आवाज वेगळा, भाडेकरूचा वेगळा, मध्येच भांडणात पडलेल्या तिसऱ्या माणसाचा खोकलासुद्धा वेगळा. सगळं सांगून झालं की पाण्याचा घोट घेऊन विचारायची, "तुमचं काय झालं आज?"

"काही नाही."

एकदा लॅबमध्ये मेणाच्या भांड्यानं पेट घेतला होता. बंब आला, गल्लीत गर्दी जमली. त्या संध्याकाळीही बत्तिशीराव "काही नाही" असंच म्हणाले होते. उजवी बाही कोपरापर्यंत जळलेली होती. बायकोला खरी हकीकत तिसऱ्या दिवशी कळली, तीही पोळलेल्या हाताच्या औषधाच्या चिठ्ठीची प्रत काढायला आलेल्या, लॅबमधल्या शेजारच्या टेबलवाल्याकडून. "अठरा वर्षं संसार करतेय," ती त्याला म्हणाली, "पण या माणसाच्या पोटातलं काढायचं म्हणजे दाढ उपटण्यातला प्रकार."

तर अशा या माणसावर स्पॅनिश शिकायची वेळ आली.

झालं काय, की लॅबच्या मालकीणबाईंनी एक यंत्र घेतलं. दात आपोआप कोरणारं. यंत्र स्वस्तात पडलं, कारण त्याचा पडदा, त्याचं पुस्तक आणि ते शिकवणारी माणसं सगळी स्पॅनिश. कंपनीची अट अशी, की लॅबमधल्या एका माणसानं तिकडे त्यांच्या कारखान्यात येऊन सहा आठवडे शिकायचं. शिकवणी स्पॅनिशमध्येच. येणाऱ्याला भाषा येते की नाही, हे कंपनीची बाई आधी फोनवर पंधरा मिनिटं बोलून बघणार.

मालकीणबाईंनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "एक जण जरी पास झाला, तर यंत्र इथं राहील. नाही झाला तर ते माझ्या दिराच्या लॅबमध्ये जाईल. आणि यंत्र गेलं की काम त्याच्यामागे जाईल. मग या खिडकीपाशी कुणी बसायचं की नाही, ते मला विचारू नका."

खिडकीपाशी कोण बसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी तिकडे बघितलं. बत्तिशीरावांनी मान दोनदा हलवली.

लॅबमधले चौघं संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले. दोघं उच्चारांतच गळाले. तिसऱ्याला कळलं की तिकडे टेबलसुद्धा बाईमाणूस असतं, तेव्हा त्यानं हात जोडले. उरले बत्तिशीराव. ते उरणारच होते. पहिल्या बाकावर बसून, मान खाली घालून, दाढेवरच्या खाचा कोरतात तितक्याच निगुतीनं ते वहीत शब्द कोरत होते. चार महिने सगळं सुरळीत चाललं. पाचव्या महिन्यात भूतकाळ आला.

स्पॅनिशमध्ये झाल्या गोष्टीला बोलायच्या दोन तऱ्हा आहेत. एकदा घडलं आणि संपलं, त्याची तऱ्हा वेगळी. पूर्वी घडायचं, घडत असे, घडत होतं, त्याची वेगळी. आपल्याकडेही 'आला' आणि 'यायचा' आहेच की. पण तिकडे प्रत्येक तऱ्हेत मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते असे सहा जण आपापलं शेपूट घेऊन उभे. वर्गातली पोरं कपाळावर हात मारत होती. बत्तिशीरावांनी पेन्सिल कानामागून काढली.

सहा जण म्हटल्यावर त्यांना सहा दातच दिसले. समोरचे. या सुळ्यापासून त्या सुळ्यापर्यंत मोजून सहा! वरच्या जबड्यावर घडून संपलेला भूतकाळ, खालच्या जबड्यावर चालत राहणारा. कारणही पक्कं होतं : वरचा जबडा कधी हलत नाही, तिथं झालं ते झालं. खालचा सारखा हलतो. दात तुटला, तो वर. दात झिजत होता, तो खाली. लॅबमधले टाकून दिलेले तडकलेले साचे ते घरी आणू लागले. एकावर 'खाणे', एकावर 'येणे', एकावर 'असणे'. महिन्याभरात खिडकीच्या कट्ट्यावर, फ्रिजवर, आरशाखाली जबडेच जबडे झाले.

"अहो," बायको एका सकाळी तोंडात ब्रश धरून म्हणाली, "मी दात घासताना अकरा जण माझ्याकडे बघतात. बरं वाटत नाही."

"क्रियापदं आहेत," बत्तिशीराव म्हणाले.

"ती हसताहेत."

"अनियमित आहेत," असं म्हणून त्यांनी दोन उचलून कपाटात ठेवली.

रूपं तर पाठ झाली. झोपेतून उठवून विचारलं तरी उजव्या सुळ्यापासून डाव्या सुळ्यापर्यंत धडाधड म्हणून दाखवतील इतकी. पण फोनवरच्या परीक्षेत रूपं विचारत नाहीत. कंपनीनं आधीच कळवलं होतं : उमेदवारानं आपल्या कामावर घडलेला एखादा प्रसंग सांगावा. वर्गातल्या बाईंनी सराव घ्यायचा ठरवला. बाई वयानं त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्या सगळ्यांना नावानं हाक मारायच्या आणि यांना काका म्हणायच्या.

"काका, सांगा बघू. कामावरचा एखादा प्रसंग."

काका उभे राहिले. स्पॅनिशमध्ये म्हणाले, "एक कवळी आली. ती तुटली होती. मी ती दुरुस्त केली." आणि बसले.

"आणि मग?"

काका पुन्हा उभे राहिले. "मग ती गेली."

वर्ग हसला. बाईंनी वहीत बघितलं, छताकडे बघितलं. व्याकरणाची एक चूक नव्हती. "काका, सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण ही सात सेकंदं झाली. राहिलेली चौदा मिनिटं त्रेपन्न सेकंदं काय करणार?"

 फोनला पाच आठवडे उरले होते. बत्तिशीराव कामाला बसले तरी त्यांचे ओठ हलायचे, पेन्सिल हलायची. आणि त्या तंद्रीतच ती चूक झाली, जी दुसऱ्या कुठल्याही धंद्यात झाली नसती.

एका वृद्ध बाईंच्या पूर्ण कवळीचं काम होतं. सगळे दात गेलेले, नुसत्या हिरड्या. बत्तिशीरावांनी साचे काढले, नेहमीप्रमाणे खुणा करायला पेन्सिल लावली. मधली रेघ काढली. सुळ्याची खूण केली. आणि हात थांबलाच नाही. वरच्या हिरडीवर, सहा दात जिथं बसायचे तिथं सहा रूपं उतरली : 'सांगणे' या क्रियापदाची. मी सांगितलं, तू सांगितलंस, थेट डाव्या सुळ्यापर्यंत. खालच्या हिरडीवर मी सांगायचो, तू सांगायचास. मग त्यावर मेणाची पट्टी चढली, पट्टीवर दात चढले, लिहिलेलं सगळं झाकलं गेलं आणि काम दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलं. पक्की कवळी करण्याआधी मेणातले दात पेशंटच्या तोंडात घालून बघतात, त्यासाठी.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन. "बत्तिशीराव, पेशंटचं म्हणणं आहे की वरचा डावा सुळा चुकलाय."

बत्तिशीरावांच्या हातातली सुरी थांबली. एकवीस वर्षांत त्यांचा सुळा चुकला नव्हता. "टोचतोय का?"

"टोचायला तोंडात तर जायला हवा! मी मेणाची पट्टी साच्यावरून उचलली, साचा बाजूला ठेवला, तेवढ्यात बाई चष्मा लावून म्हणाल्या, डावा सुळा चुकला."

"तोंडात न घालताच?"

"न घालताच. मला तर काही दिसत नाही. पण बाई खुर्चीतून उठायला तयार नाहीत. म्हणताहेत, ज्यानं केलंय त्याला बोलवा."

लॅबचा माणूस दवाखान्यात जात नाही, पेशंट त्याला कधी दिसत नाही. त्याला दिसतात त्या हिरड्या. त्यामुळे बत्तिशीराव दवाखान्यात शिरले ते चोरासारखे. खुर्चीत एक ठेंगण्या बाई पाय हलवत बसल्या होत्या. चेहरा त्यांनी ओळखला नाही, पण बाईंनी 'या' म्हणायला तोंड उघडलं आणि हिरड्या लगेच ओळखल्या.

"हा तुमचा?" बाईंनी प्लास्टरचा साचा पुढे केला. दात नसल्यामुळे त्यांच्या बोलण्यात वाराच जास्त होता. "डाव्या सुळ्याच्या जागी बघा. एक अक्षर जास्त घातलंय तुम्ही. 'त्यांनी सांगितलं' याला 'दिखिएरोन' नाही म्हणत. 'दिखेरोन'! बाकीचे पाच दात ठीक आहेत."

बत्तिशीरावांनी साचा उजेडाकडे धरला. डॉक्टरीणबाई वाकून बघू लागल्या. "अगंबाई! मला वाटलं, तुमच्या लॅबच्या खुणा असतील."

"मावशी," बत्तिशीराव कसेबसे म्हणाले, "तुम्हाला कसं..."

मावशींचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं होतं. कानाला यंत्र लावून, भोकाभोकांत तारा खुपसून एकतीस वर्षं त्यांनी समुद्रापलीकडचे फोन जोडून दिले. गल्लीत त्यांना हॅलोबाई म्हणत. तिकडच्या टोकाला जी ऑपरेटर बसायची, तिला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. आधी आकडे शिकल्या, मग हवापाणी, मग तिच्या सासूचे गुण. सव्वीस वर्षांची मैत्री, आणि दोघींनी एकमेकींना एकदाही पाहिलेलं नाही.

"भूतकाळ मी व्याकरणातून नाही शिकले, भाऊ," हॅलोबाई म्हणाल्या, "चुगल्यांतून शिकले."

डॉक्टरीणबाईंनी मेणातले दात त्यांच्या तोंडात बसवले आणि नेहमीप्रमाणे साठापासून सत्तरापर्यंत मोजायला सांगितलं. 'स' नीट येतो की नाही, हे कळायला यासारखी दुसरी वाट नाही. एकसष्टला ठीक होतं. सहासष्टला बारीक शिटी वाजली. सदुसष्टला तर रस्त्यावरचं कुत्रं थांबलं असतं.

"हे चालायचं नाही," हॅलोबाईंनी दात काढून तबकात ठेवले. "दात गेल्यापासून अकरा महिने मी तिचा फोन घेतलेला नाही. तिकडे शब्दाच्या शेवटी सगळा 'स'च असतो. मी फोनवर फसफस करायची आणि तिनं विचारायचं, कुकर लावलायस का म्हणून! मला माझा 'स' हवा."

बत्तिशीरावांनी मान एकदा हलवली. मग कोण जाणे कुठून, पण त्यांच्या तोंडून सगळं आलं : यंत्र, फोन, पाच आठवडे, दीर, खिडकी. 'सगळं' म्हणजे चार वाक्यं. पण त्यांच्या मानानं व्याख्यानच.

"ठरलं तर," हॅलोबाई म्हणाल्या, "तू माझे दात बघ, मी तुझा भूतकाळ बघते." भाऊंचा 'तू' झाला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत हॅलोबाई लॅबवर येऊ लागल्या. खिडकीपाशी दुसरं स्टूल आलं. बत्तिशीराव मेण तापवून पुढचे दोन दात केसभर मागे घ्यायचे, टाळूकडचं मेण किंचित खरवडायचे. हॅलोबाई दात घालून सहासष्ट, सदुसष्ट म्हणायच्या, शिटी ऐकायच्या, पुन्हा काढायच्या. मध्ये मेण थंड होईपर्यंत शिकवणी.

पहिल्याच दिवशी त्यांनी रूपं म्हणून घेतली आणि हात टेकले. "अरे, तुला भूतकाळ येतो. पोपटासारखा येतो. तुला गोष्ट सांगता येत नाही, हे तुझं दुखणं."

"बायको हेच म्हणते."

"शहाणी आहे. कधीपासून म्हणते?"

"अठरा वर्षं."

"आणि तू काय म्हणतोस?"

बत्तिशीरावांनी जरा विचार केला. "काही नाही."

हॅलोबाई बिनदातांच्या इतक्या हसल्या, की मालकीणबाई काचेच्या खोलीतून डोकावल्या.

"बरं, आता माझं ऐक," डोळे पुसत हॅलोबाई म्हणाल्या. "लांबच्या फोनवर माणसं घाबरायची. 'हॅलो' म्हणून झालं की गप्प. मग आम्ही मध्ये म्हणायचो, बोला, लाईन चालू आहे. एवढंच. आपण काही सुचवायचं नाही, काही विचारायचं नाही. माणूस आपोआप बोलतो. तर तू मला सांग. आजवर तुझ्या हातून किती तोंडं गेली?"

"नऊ हजारांच्या वर."

"त्यातलं एक सांग. स्पॅनिशमध्ये."

बत्तिशीरावांनी मेणाची सुरी हातात घेतली.

"बोला, लाईन चालू आहे."

आणि खिडकीबाहेर बघत, मेणाच्या सुरीनं टेबलावर रेघा ओढत बत्तिशीरावांनी एक तोंड सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांची कवळी वर्षात तीनदा तुटून आली. तिन्ही वेळा डावीकडूनच.

"बोला, लाईन चालू आहे."

तिसऱ्यांदा बत्तिशीरावांनी डॉक्टरांना विचारलं, हे गृहस्थ करतात तरी काय? तर ते शिंपी होते. कवळी काढून, तिच्यात दोरा धरून तोडत.

"काढून?"

"काढून. हातात धरून. कात्रीसारखी."

हॅलोबाईंनी टेबलावर थाप मारली. ही गोष्ट बत्तिशीरावांच्या पोटात बारा वर्षं पडून होती. अशा किती होत्या, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. माणसांचे चेहरे आणि नावं त्यांना माहीत नव्हती. पण कोण रात्री दात खातो, कुणाची पाईप ओढून कड झिजली, कुठल्या नवरा-बायकोनं एकमेकांच्या कवळ्या घालून 'बसत नाही' अशी तक्रार केली, हे सगळं त्यांच्या बोटांना माहीत होतं. स्पॅनिश मोडकी होती. मध्येच शब्द अडायचा, मग ते जबडा हातात घेऊन करून दाखवायचे. "फोनवर करून दाखवता येत नाही," हॅलोबाई खेकसायच्या, "शब्द काढ!" आणि शब्द निघायचा.

चौथ्या आठवड्यात शिटी गेली. हॅलोबाईंनी साठापासून सत्तरापर्यंत मोजलं, मग उलटं मोजलं, मग स्पॅनिशमध्ये मोजलं. लॅबमधल्या सगळ्यांनी कान टवकारले होते. काहीही वाजलं नाही. बत्तिशीरावांची मान एकदा हलली. पक्की कवळी करताना साचा फोडावाच लागतो. पण त्यांनी त्या साच्याची नक्कल ओतली, काम नकलेवर केलं आणि लिहिलेला मूळ साचा ड्रॉवरमध्ये तसाच ठेवला. डाव्या सुळ्याजवळचं जास्तीचं अक्षर खोडरबरानं पुसून.

फोनचा दिवस उजाडला. दुपारी तीनची वेळ ठरली होती. मालकीणबाईंनी आपली काचेची खोली मोकळी करून दिली आणि स्वतः बाहेर येरझाऱ्या घालू लागल्या. प्लास्टर ढवळायचं यंत्र बंद ठेवलं होतं. पावणेतीनला हॅलोबाई आल्या, नवी कवळी घालून, पिशवीतून सफरचंद काढून, न विचारता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या.

"मावशी, मध्ये बोलायचं नाही हं," मालकीणबाईंनी दारातून बजावलं.

"एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या लायनीवर बसले, बाई. एकदा तोंड उघडलेलं नाही." आणि त्यांनी सफरचंदाचा कर्रकन चावा घेतला.

फोन वाजला. बत्तिशीरावांनी तो उचलला आणि म्हणाले, "दीगामे." तिकडे फोन उचलताना असंच म्हणतात : सांगा.

कंपनीच्या बाईचा आवाज गोड होता पण बोलणं आगगाडी. नाव, वय, काम इथपर्यंत बत्तिशीराव बरोबर पळाले. मग ती म्हणाली, कामावरचा एखादा प्रसंग सांगा. त्यांनी शिंप्याची गोष्ट घोटून ठेवली होती. अगदी दोऱ्यासकट. "एक म्हातारे गृहस्थ होते," ते म्हणाले. "त्यांची कवळी तुटली." आणि पुढे पाटी कोरी. शिंपी गेला, कात्री गेली, दोरा गेला. जिभेवर आलं ते जुनंच : "मी ती दुरुस्त केली."

तिकडे शांतता. तारेतली घरघर ऐकू येत होती. काचेपलीकडे मालकीणबाईंची येरझार थांबली. शेजारच्या टेबलवाल्यानं डोळे मिटून घेतले.

हॅलोबाईंनी सफरचंद खाली ठेवलं. त्यांना बोलायचं नव्हतं आणि त्या बोलल्या नाहीत. हळूच उठून बाहेर गेल्या, खिडकीपाशी जाऊन ड्रॉवर उघडला, परत आल्या आणि प्लास्टरचा तो वरचा जबडा बत्तिशीरावांच्या समोर टेबलावर ठेवला. मग एक बोट वर केलं. लाईन चालू आहे.

बत्तिशीरावांनी जबड्याकडे बघितलं. सहा रूपं. मी सांगितलं, तू सांगितलंस.

"नाही," ते फोनवर म्हणाले. "ती गोष्ट राहू द्या. दुसरी सांगतो. मला तुमची भाषा येत नव्हती, म्हणून मी ती दातांवर लिहायचो."

"कशावर?" तिकडचा आवाज म्हणाला.

आणि बत्तिशीराव सुटले. घरातले जबडे सांगितले. दात घासणारी बायको सांगितली, तिच्याकडे बघणारे अकरा जण सांगितले. पेन्सिल कशी थांबली नाही, ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, तेव्हा हातात काय होतं, तेही सांगितलं. वरचा जबडा आणि खालचा जबडा यांची मध्येच गल्लत होत होती, होऊ दिली. तिकडची बाई हसत होती, ते त्यांना ऐकू येत होतं. "आणि मग?" ती सारखी विचारत होती, "आणि मग?" सदुसष्टची शिटी त्यांनी तोंडानं वाजवून दाखवली. शब्द नव्हता म्हणून नव्हे, मजा आली म्हणून.

"आणि मग डॉक्टरीणबाई आणि त्या मावशी मला दोघी मिळून काय म्हणाल्या माहितेय? त्यांनी सांगितलं..." आणि नेमक्या त्या शब्दाला बत्तिशीरावांनी ते पुसलेलं अक्षर पुन्हा घातलं.

कोपऱ्यात हॅलोबाईंनी कपाळावर हात मारला. इतक्या जोरात, की तिकडच्या बाईनं विचारलं, हा कसला आवाज?

"तो डावा सुळा," बत्तिशीराव म्हणाले.

फोन एकतीस मिनिटं चालला. शेवटी तिकडची बाई म्हणाली की तुमच्या चुका मी सोळापर्यंत मोजल्या, मग मोजायच्या विसरले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी कारखान्यात या. त्या मावशींना नमस्कार सांगा. बत्तिशीरावांनी फोन ठेवला आणि बाहेर आले. मालकीणबाईंनी भुवया उंचावल्या. बत्तिशीरावांनी मान हलवली. एकदा.

मग लॅबमध्ये जो आरडाओरडा झाला, त्यात प्लास्टरचं एक पोतं सांडलं आणि बत्तिशीराव सगळ्यांदेखत दात काढून हसले. शेजारचा टेबलवाला नंतर सांगत होता, सगळे शाबूत आहेत हो!

संध्याकाळी जेवताना बायकोनं आपल्या दुकानातलं सगळं सांगितलं. पाण्याचा घोट घेतला. फोनचा दिवस होता हे तिला ठाऊक होतं, पण सवयीनं आवाज तोच ठेवून तिनं विचारलं, "तुमचं काय झालं आज?"

"काही ना..." बत्तिशीराव थांबले. चमचा खाली ठेवला. "पावणेतीनला मावशी आल्या. हातात सफरचंद."

बायकोचा घास हातातच राहिला. सफरचंदाचा चावा झाला, फोन वाजला, शांतता आली, जबडा आला. कंपनीच्या बाईचा आवाज त्यांनी वेगळा काढला. फारसा जमला नाही, पण काढला. सूप गार झालं, त्यावर पापुद्रा धरला. "आणि मग?" बायको म्हणत होती, "अहो, आणि मग?" शेवटी तिनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच नाक उडवून म्हणाली, "बंबाचंही सांगा आता. ते माझं राहिलंय."

बंबाचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी शिंप्याचं. तिसऱ्या दिवशी त्या नवरा-बायकोचं. दोन आठवड्यांत अशी वेळ आली, की बायको दुकानातलं सांगायला तोंड उघडायची आणि बत्तिशीराव म्हणायचे, "ते राहू दे, आधी हे ऐक."

"आधी बरे होता तुम्ही," ती म्हणाली. पण म्हणताना खुर्ची पुढे ओढली.

निघायच्या आदल्या दिवशी ती त्यांची बॅग भरत होती. टॉवेलच्या घडीत काहीतरी टणक लागलं. उलगडून बघते, तर तोच वरचा जबडा.

"हे कशाला तिकडे?"

"मावशींनी दिलंय. त्यांची ती मैत्रीण आहे ना, तिचं गाव कारखान्यापासून दोन तासांवर आहे. परवा त्यांनी तिला फोन केला. वर्षभराचं साठलेलं, तीन तास चालला. एकही शिटी नाही! मला म्हणाल्या, तिनं मला कधी पाहिलं नाही. निदान जबडा तरी बघू दे. म्हणावं, ही मी."

बायकोनं जबडा हातात फिरवून बघितला. पेन्सिलीची सहा रूपं, शेवटचं जरा पुसट. पुन्हा टॉवेलात गुंडाळून तिनं तो बॅगेच्या मधोमध, सदऱ्यांच्या खाली ठेवला.

"आणि वाटेत तपासणीवाल्यानं बॅग उघडली, हे काय म्हणून विचारलं, तर?"

"तर सांगेन की," बत्तिशीराव म्हणाले. "त्याला वेळ असला म्हणजे झालं."